घरी परतलेल्या सैनिकाला एकटे सोडू नका

११ नोव्हेंबर ही तारीख दोन कारणांनी स्मरणात ठेवण्यासारखी आहे. ख्रिस्तसभा त्या दिवशी टूर्सचे महागुरू संत मार्टिन यांचा सण साजरा करते. चौथ्या शतकातील हे संत मूळचे रोमन सैनिक. सैन्य सोडून ते संन्यस्त झाले आणि पुढे महागुरू झाले. १९१८ साली त्याच तारखेला पहिल्या महायुद्धातील तोफा थंडावल्या. अमेरिकेत १९५४ पासून हा दिवस 'माजी सैनिक दिन' म्हणून पाळला जातो. संचलने होतात, कबरींवर पुष्पचक्रे वाहिली जातात, कृतज्ञतेची भाषणे होतात.

मात्र त्याच देशाच्या माजी सैनिक खात्याचा वार्षिक अहवाल वेगळेच वास्तव समोर ठेवतो. २०२२ या एका वर्षात तेथे ६,४०७ माजी सैनिक आत्महत्येने मरण पावले. दिवसाला सरासरी सतरा ते अठरा. सैनिक नसलेल्या प्रौढ नागरिकांच्या तुलनेत हे प्रमाण जवळपास दुप्पट आहे. वय आणि स्त्री-पुरुष हा भेद जमेस धरला तरीही ते स्पष्टपणे अधिकच ठरते.

हा प्रश्न अमेरिकेचा. तो आपण कशासाठी वाचावा, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर असे की, त्या देशाने आपल्या माजी सैनिकांच्या मृत्यूंची मोजदाद केली, कारणांचा शोध घेतला, उपाय योजले आणि ते कितपत लागू पडतात हे पारखून पाहिले. त्यातून हाती आलेले शहाणपण सर्वांच्या उपयोगाचे आहे. शिवाय भूदल, नौदल आणि वायुदलातून निवृत्त झालेली माणसे आपल्या गावांत आणि धर्मग्रामांतही आहेत. त्यांच्यापैकी कुणाचे मन आतून खचत असेल, तर ते आपल्याला कळेल काय? कळले तर काय करावे हे ठाऊक असेल काय? या दोन प्रश्नांसाठीच आम्ही हा विषय येथे मांडत आहोत.

रणांगणापेक्षा एकटेपण जीवघेणे

सर्वसाधारण समजूत अशी की, ज्याने युद्ध पाहिले, रक्तपात पाहिला, त्याचेच मन मोडते. ही समजूत अर्धीच खरी आहे. २००१ ते २००७ या काळात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या सुमारे ३९ लाख स्त्री-पुरुषांची माहिती अभ्यासकांनी तपासली. त्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. इराक वा अफगाणिस्तानात धाडले गेलेले आणि न गेलेले, यांच्यातील आत्महत्येच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. फरक आढळला तो सैन्यात राहिलेले आणि सैन्य सोडलेले यांच्यात. सैन्य सोडलेल्यांना धोका अधिक होता. त्यातही ज्यांची सेवा चार वर्षांहून कमी झाली किंवा ज्यांना सन्मानाने निरोप मिळाला नाही, त्यांना तो सर्वाधिक होता. सैन्य सोडल्यानंतरचे पहिले वर्ष विशेष नाजूक असते, हे नंतरच्या अभ्यासांतूनही दिसून आले.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सैन्यात माणूस कधीच एकटा नसतो. पहाटेच्या हजेरीपासून रात्रीच्या पहाऱ्यापर्यंत त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला कुणीतरी असते. त्याला हुद्दा असतो, काम असते, आपल्यावाचून तुकडीचे अडते ही जाणीव असते. गणवेश उतरला की हे सारे एका दिवसात संपते. घरच्यांनी त्याच्याविना जगण्याची सवय लावून घेतलेली असते. मुले मोठी झालेली असतात. गावातील सोबती आपापल्या संसारात गढलेले असतात. घरात असूनही आपण पाहुणे आहोत, असे त्याला वाटू लागते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉयनर यांनी २००५ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते, तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस आत्मघाताच्या कड्यावर येतो. 'मी कुणाचाच नाही' ही पहिली भावना. 'मी इतरांवर ओझे झालो आहे' ही दुसरी. आणि वेदनेची व मरणाची नैसर्गिक भीती बोथट होणे, ही तिसरी गोष्ट. पहिल्या दोन भावना कुणालाही ग्रासू शकतात. तिसरी मात्र सैनिकाच्या प्रशिक्षणाचाच भाग असते. देशाच्या रक्षणासाठी जी निर्भयता त्याच्या अंगी बाणवली, तीच उदास मनाच्या हाती पडली की घातक ठरते. म्हणून पहिल्या दोन भावना त्याच्या मनात मूळ धरणार नाहीत याची काळजी भोवतालच्यांनी घ्यायची असते.

मनाची जखम आणि विवेकाची जखम

युद्धाचा आघात मुळीच नसतो, असे मात्र नव्हे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यानंतर थरथरणाऱ्या, मुक्या झालेल्या सैनिकांना कित्येकदा भित्रे ठरविण्यात आले. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्यांचे हाल पाहिल्यावर, १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर ताण-विकाराला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. झोप उडणे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, लहानशा आवाजाने दचकणे, माणसांपासून तुटणे, ही त्याची लक्षणे. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

बोस्टन येथे व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. जोनाथन शे यांना आणखी एक जखम दिसली. तिला त्यांनी 'नैतिक जखम' म्हटले. माणूस भयाने मोडतो, तसाच तो अपराधी भावनेनेही मोडतो. आपल्या हातून जे घडले ते घडायला नको होते, मित्र मेला आणि मी वाचलो, वरिष्ठांनी आमचा विश्वासघात केला, या जाणिवा वर्षानुवर्षे कुरतडत राहतात. झोपेच्या गोळीने ही जखम भरत नाही.

येथे धर्मगुरूला काम आहे. पापनिवेदनाची जागा, शांतपणे ऐकून घेणारा कान आणि क्षमेचा शब्द या जखमेपर्यंत पोहोचू शकतात. तथापि एक मर्यादा आम्ही स्पष्टपणे नमूद करतो. धर्मगुरू हा डॉक्टर नव्हे. 'प्रार्थना कर, सर्व ठीक होईल' एवढ्यावर आजारी माणसाची बोळवण करणे योग्य नाही. मोडलेल्या हाडासाठी आपण प्रार्थना करतो आणि प्लास्टरही घालतो. मनाच्या बाबतीत तसेच वागले पाहिजे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ आणि धर्मगुरू एकाच रुग्णाची काळजी वाहतात, हे अनुकरणीय आहे.

संत इग्नाती यांची काळोखी रात्र

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांच्या चरित्रातील एक प्रसंग आपल्या प्रवचनांतून फारसा सांगितला जात नाही. मे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि त्यांचे लढाऊ जीवन संपले. आजारपणात त्यांचे मनःपरिवर्तन झाले. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु पुढच्याच वर्षी मान्रेसा येथे राहत असताना, जुन्या पापांच्या टोचणीने ते इतके व्याकुळ झाले की, जीवन संपवून टाकावे असा मोह त्यांना वारंवार होऊ लागला. उतारवयात आपली जीवनकथा सांगताना त्यांनी हे लपवले नाही.

जखमी होऊन सैन्याबाहेर पडलेला, अपराधी भावनेने पछाडलेला, मरण जवळ करू पाहणारा माणूस, असे वर्णन कुणी केले, तर ते आजच्या एखाद्या माजी सैनिकाचे वाटेल. ते एका संताचेही आहे. असे विचार मनात येणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे, एवढे तरी यातून आपण शिकावे.

साधनापासून दूर

आता उपायांकडे वळू. संशोधनाने पारखून घेतलेले उपाय दोन वाक्यांत सांगता येतात : संकटात सापडलेल्या माणसाला जीवघेण्या साधनापासून दूर ठेवा आणि माणसांच्या जवळ ठेवा.

पहिल्या उपायाबद्दल अनेकांना शंका असते. ज्याला मरायचेच आहे तो काहीतरी मार्ग शोधणारच, असे आपण सहज बोलून जातो. अनुभव मात्र उलट आहे. आत्मघाताची तीव्र ऊर्मी बहुधा थोडा काळ टिकते. ती लाट ओसरेपर्यंत घातक साधन हाताशी नसेल, तर माणूस वाचतो. आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. 'वेळ आली होती, पण काळ आला नव्हता' असे आपण म्हणतो. वेळ टळावी म्हणून थोडी व्यवस्था करणे आपल्या हाती असते.

इस्रायलच्या सैन्याचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. तेथील तरुण सैनिक सुट्टीत घरी जाताना आपले शस्त्र सोबत नेत असत. २००६ साली नियम बदलला आणि सुट्टीवर जाताना शस्त्र तळावर ठेवणे सक्तीचे झाले. त्यानंतर त्या सैनिकांतील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतील होती. इतर दिवसांच्या आकड्यांत लक्षणीय बदल झाला नाही. माणसे तीच, ताण तोच, दुःखे तीच. फक्त कठीण रात्री शस्त्र हाताशी नव्हते.

अमेरिकेत २०२२ साली आत्महत्येने मरण पावलेल्या माजी सैनिकांपैकी दर चौघांतील जवळपास तिघांच्या बाबतीत साधन बंदूक हेच होते. म्हणून तेथे आता कुटुंबांना शिकवले जाते की, घरातील शस्त्र कुलुपात ठेवा, गोळ्या वेगळ्या ठेवा, कठीण दिवसांत ते विश्वासू मित्राच्या स्वाधीन करा. आपल्याकडेही बँकेत वा कंपनीत पहारेकरी म्हणून काम करणाऱ्या माजी सैनिकाजवळ परवान्याची बंदूक असते. ज्या घरात बंदूक नाही, तेथे शेतीची विषारी औषधे आणि साठवलेल्या गोळ्या असू शकतात. घरातील माणूस खचलेला दिसला, की या वस्तू कुलूपबंद कराव्यात किंवा घराबाहेर हलवाव्यात. हा त्याच्यावरचा अविश्वास नव्हे. तापाने फणफणलेल्या माणसाला आपण विहिरीवर एकटे पाठवत नाही, तशीच ही काळजी आहे.

माणसांच्या जवळ

दुसरा उपाय त्याहून साधा आहे आणि त्याची कथा मनाला भिडणारी आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील मनोविकारतज्ज्ञ डॉ. जेरोम मोटो दुसऱ्या महायुद्धात सैनिक होते. घरापासून दूर असताना एक ओळखीची तरुणी त्यांना पत्रे लिहीत असे. त्या पत्रांत उपदेश नसे आणि कसली मागणीही नसे. कुणीतरी आपली आठवण ठेवते, एवढ्याने त्यांना धीर येत असे. हा अनुभव ते विसरले नाहीत.

१९६९ साली त्यांनी एक प्रयोग सुरू केला. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या, परंतु पुढील उपचार नाकारलेल्या ८४३ व्यक्तींचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला पाच वर्षे अधूनमधून लहानशी पत्रे पाठवली : तुमचे बरे चालले असेल अशी आशा आहे, लिहावेसे वाटले तर जरूर लिहा, एवढाच आशय. दुसऱ्या गटाला पत्रे पाठवली नाहीत. पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्येने होणारे मृत्यू कमी झाले. पहिल्या दोन वर्षांत हा फरक विशेष ठळक होता. रुग्णालयाचे दार ज्यांनी स्वतःहून बंद केले होते, अशांपर्यंत ती पत्रे पोहोचली.

ही पद्धत २०२० पासून अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने स्वीकारली असून, संकटकालीन दूरध्वनीवर मदत मागणाऱ्या माजी सैनिकांना नंतर अशी पत्रे पाठवली जातात. हा दूरध्वनी २००७ साली सुरू झाला. इराकहून परतलेला आयोवा राज्यातील जोशुआ ओमविग हा बावीस वर्षांचा सैनिक डिसेंबर २००५ मध्ये आत्महत्येने मरण पावला होता. त्याच्या आई-वडिलांनी आपले दुःख उराशी धरूनही पाठपुरावा केला. त्याच्या नावाने झालेल्या कायद्यावर २००७ च्या नोव्हेंबरमध्ये स्वाक्षरी झाली. आज अमेरिकेत ९८८ हा क्रमांक फिरवून १ दाबले, की माजी सैनिकांसाठी नेमलेली व्यक्ती बोलू लागते. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक उपाय म्हणजे 'सुरक्षा आराखडा'. मन शांत असताना रुग्ण आणि समुपदेशक एका कागदावर काही गोष्टी लिहून ठेवतात : माझी अवस्था बिघडू लागल्याची चिन्हे कोणती, त्या वेळी मी स्वतः काय करीन, कुठे आणि कुणाकडे जाऊन बसेन, कुणाकडे मदत मागेन, कोणत्या डॉक्टरला फोन करीन, घर सुरक्षित कसे करीन. माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील १,६४० रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना असा आराखडा करून दिला आणि नंतर फोनवरून विचारपूस केली, त्यांच्यातील आत्मघातकी वर्तन सहा महिन्यांत इतरांच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. एक कागद आणि काही फोन, एवढेच त्याचे मोल.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

आपल्या समाजात या विषयाभोवती भीती आहे आणि लाजही आहे. अशा मृत्यूला मिस्सा मिळत नाही, ही जुनी समजूत अजून काही घरांत टिकून आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला धार्मिक दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या धर्मसंहितेतून ती तरतूद गेली. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक श्रद्धाशिक्षण ग्रंथ जीवन हे देवाचे दान मानतो आणि आत्महत्या गंभीर अपकृत्य ठरवतो. मात्र तीव्र मानसिक विकार, यातना वा भीती यांमुळे व्यक्तीची जबाबदारी उणावते, हेही तो सांगतो. अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, ही त्याची शिकवण आहे.

म्हणून अशा घरावर कुणी बहिष्कार घालू नये, कुजबुज करू नये, 'असे का केले?' असे विचारून जखमेवर मीठ चोळू नये. त्या घरी जावे, जेवण पोहोचवावे, सोबत बसावे. महिन्याच्या मिस्सेनंतर येणे-जाणे थांबवू नये. आप्ताच्या आत्महत्येने हादरलेले कुटुंब स्वतःच धोक्यात असते.

आपण काय करावे?

भारतीय सैन्यातील शिपाई बहुधा चाळिशीच्या आतच निवृत्त होतो. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेची मूळ रचना चार वर्षांच्या सेवेची असून, तिच्यातील बहुतेक तरुण पंचविशीच्या आसपास घरी परततील. वर उल्लेखिलेला, परतीच्या पहिल्या वर्षाचा धोका आठवला, तर आपले काम कुठून सुरू होते हे कळेल.

चिन्हे ओळखावीत. सतत निद्रानाश, वाढलेले मद्यपान, विनाकारण संताप, मिस्सेला वा समारंभाला येणे बंद होणे, 'माझ्याशिवाय तुमचे बरे चालेल' असे बोलणे, जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकणे, यांकडे दुर्लक्ष करू नये.

थेट विचारावे. 'जीव द्यावा असे तुमच्या मनात येते का?' हा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांनी दाखवून दिले आहे. उलट, कुणीतरी विचारले याचे ओझे उतरल्यासारखे समाधान अनेकांना होते. विचारल्यावर वाद घालू नये, उपदेश करू नये, ऐकावे. उत्तर 'होय' असेल तर त्याला एकटे सोडू नये, घातक वस्तू दूर कराव्यात आणि त्याच्यासोबत डॉक्टरकडे जावे.

मदतीची ठिकाणे ठाऊक असावीत. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. २०२३ साली पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला. निवृत्तांसाठी २००३ पासून आरोग्य योजना आहे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये निवृत्तिवेतनापासून नोकरीपर्यंतच्या अडचणींत मार्ग दाखवतात. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला शिक्षेच्या भीतीने घरात लपवून ठेवण्याचे कारण उरलेले नाही. मे २०१८ पासून लागू असलेला मानसिक आरोग्य कायदा, अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरतो आणि तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरवतो.

शेवटी आमची एक सूचना. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या माजी सैनिकांची यादी करावी. नुकताच निवृत्त झालेला कोण, विधुर कोण, एकटा राहणारा कोण, हे पाहावे. त्यांना केवळ २६ जानेवारीला व्यासपीठावर न बसवता वर्षभर काम द्यावे : युवकांचे प्रशिक्षण, आपत्कालीन मदत, सणाच्या गर्दीचे नियोजन. ज्याच्यावाचून कुणाचे तरी अडते, तो माणूस स्वतःला ओझे समजत नाही. आणि जो येत नाही, त्याला कुणीतरी महिन्याकाठी दोन ओळींचे पत्र लिहावे किंवा फोन करावा. उत्तर आले नाही तरी पुढच्या महिन्यात पुन्हा करावा.